वाट पाहणारे घर
(ज्ञातिसंघाच्या वर्धा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



प्रतिवर्षी या प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींची नोंद होते आणि संघाच्या निधीचा हिशेब वाचला जातो. ही कामे आवश्यकच आहेत. परंतु आज मी अशा एका दुःखाविषयी चार शब्द बोलणार आहे की ज्याची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नाही. सैन्यात गेलेला मुलगा रणांगणी पडला, तर घर रडते, गाव रडतो आणि कालांतराने त्या दुःखाला तीर सापडतो. परंतु तो नुसताच बेपत्ता झाला आणि त्याचा देहही हाती आला नाही, तर त्या घराने काय करावे?

आपला जिल्हा सेवाग्रामचा आणि पवनारचा म्हणून जगास ठाऊक आहे. तसाच तो पुलगावच्या दारूगोळा भांडाराचाही आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग भडकली आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेक जवान व अग्निशामक कर्मचारी कामी आले. काही देह ओळखण्यापलीकडे गेले होते, म्हणून आनुवंशिक तपासणीचा आधार घ्यावा लागला. आपला माणूस कोणता, हे कळेपर्यंतचा तो काळ त्या घरांना किती जड गेला असेल याची कल्पनाच करावी. ती प्रतीक्षा दिवसांची होती. काही घरांच्या वाट्याला मात्र ती अनेक वर्षांची येते.

पूर्वी देह घरी येण्याची आशाच कोणी करीत नसे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ता नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. ते स्मारक १९२७ साली उभे राहिले. कोकणातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घरी आले ते पदक. स्वातंत्र्यानंतरही बहुधा रणभूमीजवळच अग्निसंस्कार होत. देह सन्मानाने गावी पोचविण्याची रीत रूढ झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्यामुळे आज प्रत्येक घराला वाटते की आपला मुलगा कसाही का होईना, एकदा अंगणात येईल. आणि न आल्यास ती उणीव अधिकच सलते.

आता आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगतो. हवालदार टी. व्ही. पाटील हे २७ फेब्रुवारी १९९३ रोजी सियाचिनवर बर्फाच्या भेगेत पडून नाहीसे झाले. त्यांचा देह सापडला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. बर्फाने तो जपून ठेवला होता. खिशातील कागदांवरून ओळख पटली. त्यांत घरून आलेले एक पत्र होते. घरच्यांनी लिहिलेल्या त्या चार ओळींनीच शेवटी त्यांना घराची वाट दाखविली!

हे कसे घडते, हे मुलांना भूगोलाच्या तासाला सांगावे तसे सांगतो. हिमनदी ही नावाप्रमाणेच नदी आहे. ती अतिशय मंद गतीने उतारावरून सरकत असते आणि पोटात घेतलेली वस्तू अनेक वर्षांनी खाली दुसऱ्याच ठिकाणी उघडी करते. लान्सनायक चंद्रशेखर हरबोला मे १९८४ मध्ये सियाचिनवर हिमप्रपातात सापडले. त्यांचा देह ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाला. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहकडे निघालेले वायुदलाचे एक विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००३ साली गिर्यारोहकांना दिसले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, छप्पन वर्षांनी, आणखी चार देह हाती आले. त्यांतील केरळचा जवान नाहीसा झाला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. त्याची वाट पाहणारे आईबाप तोवर निघून गेले होते. वृद्ध भावंडांनी त्याला मूठमाती दिली.

मंडळी, बर्फाचे काम बर्फ त्याच्या सवडीने करतो. प्रश्न आहे तो मधल्या वर्षांचा. आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितला आहे. मनाच्या समाधानासाठी कशाला तरी अग्नी द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. आणि त्यानंतरही तो परत आलाच, तर जातकर्मादि संस्कार पुन्हा करून त्याला घरात घ्यावे, असेही सांगून ठेवले आहे. कायदा सात वर्षांची मुदत देतो. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत मानावा, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशा पत्नीस मोकळे होण्याचा मार्ग ठेवला आहे.

शास्त्राने बारा वर्षे सांगितली, कायद्याने सात सांगितली. समाजाने मात्र त्या स्त्रीला काय सांगितले? तिने कुंकू लावले, तर अजून खोटी आशा धरून बसली म्हणावयाचे; आणि पुसले, तर नवऱ्याच्या मरणाची हिला घाई झाली म्हणावयाचे! हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, या शंकेने तिला बोलावणेच थांबते. ती सवाशिणींतही नाही आणि विधवांतही नाही. हे दुःख शत्रूने दिलेले नाही, बर्फानेही दिलेले नाही. ते आपण दिलेले आहे.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ च्या मोहिमेवरून परतले नाहीत. पाकिस्तानच्या कैदेत असावेत अशा ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहास फार काळ लोटला नव्हता. त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि दशकानुदशके पतीचा शोध घेत राहिल्या. वाट पाहावी की पुढे जावे, हा निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी घेतला. आपल्या खेड्यांतील किती मुलींना तो निर्णय आपण घेऊ देतो?

म्हणून संघापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली अशी की, बेपत्ता जवानाच्या पत्नीने काय ल्यावे, काय उतरावे, हे तिचे तीच ठरवील आणि प्रत्येक मंगल कार्यात तिला अग्रक्रमाने बोलाविले जाईल, असा ठराव आपण करावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांना जाचणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका खेड्याला जे जमले ते आपल्या संघाला अशक्य नाही.

दुसरी विनंती अशी की, कायदेशीर मुदतीनंतर तिने पुन्हा संसार मांडावयाचे ठरविले, तर आपल्या वधूवर सूचीत तिचे नाव कोणतीही खूण न करता घालावे.

तिसरी विनंती कागदपत्रांची. कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी सात वर्षे थांबावे लागत नाही. पोलिसांतील नोंद, हमीपत्र इत्यादी पूर्तता करून ते आधी मिळू शकते. परंतु हे त्या घराला सांगणार कोण? सरकारी लखोटा वाचून घेण्यासाठी लोक शाळामास्तराकडे येतात, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. संघाने दोन जाणते सभासद नेमून अशा घरास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत सोबत करावी.

देह परत आणणे आपल्या हाती नाही. परंतु तो ज्या दिवशी येईल, मग तो विसाव्या वर्षी येवो वा छप्पनाव्या, त्या दिवशी ते घर मानाने उभे असलेले त्याला दिसले पाहिजे. ते मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

 या तीन विनंत्यांचा विचार आजच्याच सभेत व्हावा, अशी अध्यक्षमहाराजांना प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.