करवत आपल्याही हाती

मैत्रिणींनो, आपल्या गाण्यांच्या गिटारसाठी मी घरीच लाकडी स्टँड बनवला. पाय तीनच ठेवले; तीन पायांची वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. गिटार जराशी मागे कलती राहावी, तिचा भार तिन्ही पायांच्या आत पडावा. जोडाला आधी गिरमिटाने भोक, मग स्क्रू. नाहीतर पट्टी चिरते. टेकूला सुती कापड गुंडाळायचं, काही पॉलिशवर रबराचे डाग पडतात.

शाळेत मुलांना सुतारकाम होतं, आम्हाला शिवणकाम. म्हणून घरात करवत असूनही मोडक्या स्टुलासाठी आपण कुणा पुरुषाची वाट बघतो. करवतीला बाई-पुरुष कळत नाही, सराव कळतो. पुढच्या बैठकीला अवजारं मी आणते, पट्ट्या तुम्ही आणा.