दार जुनं, स्क्रू नवे: कोणतं डोकं घ्यायचं?

पिंपळगाव बसवंतहून बोलतोय. मागे महामार्गावरचे ट्रक ऐकू आले तर समजून घ्या, सीझन चालू आहे.

गावातल्याच एका श्रोत्याने विचारलंय: "वाडा उतरवला. आजोबांचं सागवानी दार नव्या घराला लावायचंय. जुने पितळी स्क्रू निघत नाहीत. आणि नवे घेऊ तर कोणते?"

आधी जुने काढू. त्यांच्या डोक्यावर एकच सरळ खाच असते, आणि तीत वर्षानुवर्षांचा रंग बसलेला असतो. तो टोकदार खिळ्याने कोरून काढा. खाचेत लांबीभर घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर घ्या. पहिल्यांदा किंचित आवळायचा, मग उलटा फिरवायचा. तरीही हलत नसेल तर सोल्डरिंगची गरम इस्त्री डोक्यावर मिनिटभर धरा. घाई केली की पितळ तुटतं आणि अर्धा स्क्रू सागातच राहतो.

आता नवे. दुकानात 'आठ बाय दीड द्या' एवढं सांगून भागत नाही. डोक्याच्या दोन गोष्टी असतात. एक, त्याचा आकार. बिजागरीची भोकं वरून पसरट असतात, तिथे खाली निमुळतं होणारं चपटं डोकं लागतं, म्हणजे काउंटरसंक. दुकानदार 'सीएसके' म्हणतो. घुमटासारखं पॅन डोकं लावलं तर ते वर राहतं आणि दार नीट मिटतच नाही. पॅन डोकं साध्या भोकाच्या पत्र्याला, अँगलला ठीक.

दुसरी, वरची खाच. फुल्लीवाला फिलिप्स १९३६ च्या अमेरिकी पेटंटपासूनचा. त्याच्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की बिट वर सरकतो आणि फुल्लीचा खड्डा होतो. आठ नंबरला दोन नंबरचा बिट, मशीन हळू, मागून दाब. फुल्लीच्या मधे चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह. त्याला पीझेड बिटच हवा, फिलिप्सचा घसरतो.

सगळ्यात पक्की पकड सहा टोकांच्या टॉर्क्सची, १९६७ पासूनची. पण गंमत बघा, आपल्याकडे 'स्टार' मागितला की फुल्लीवालाच हातात येतो. म्हणून 'टॉर्क्स' म्हणा, आणि बिटही तिथेच घ्या.

या दारासाठी माझं मत सांगतो. जुन्या पितळी बिजागऱ्या ठेवणार असाल तर सरळ खाचेचे पितळी काउंटरसंकच शोभतात, फक्त मशीन बाजूला ठेवून हाताने लावा. तीन मिलिमीटरचं भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळीला साबण चोळून बसवा.

आणि ते काळे जिप्समचे स्क्रू, स्वस्त असतात म्हणून सगळीकडे मारतात ना? दाराला नको. ठिसूळ असतात. सागाचं दार जड, एकदा आपटलं की डोकं तुटून पडतं.