दुर्बीण, कॅमेरा आणि मधला सांधा

तुमसर तालुक्यातल्या चिखल्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. मॅंगनीजच्या खाणीचं आमचं गाव तुम्हाला ठाऊकच असेल. आज मात्र जमिनीखालचं नाही, आभाळातलं सांगायचं आहे.

आमच्या गटांनी मिळून किशोरी मुलींसाठी एक दुर्बीण घेतली. आरशाची आहे, १३० मिलिमीटर तोंडाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची. पोरी रांगेत उभ्या राहतात, पण एकीचं पाहून होईस्तोवर चंद्र सरकतो आणि दुसरीला काळोख दिसतो. फोटो निघाला तर सगळ्यांना एकदम दाखवता येईल, असं मुलींनीच सुचवलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या गावातल्या एका भावाने जुना कॅनन कॅमेरा दिला. राहिला मधला सांधा, ज्याला अडॅप्टर म्हणतात.

त्यासाठी बैठकीत दोन हजार मागितले तेव्हा एका ताईने विचारलं, "याच्यात शेळीचं औषधपाणी होते ना? अन् बसला नाही त मंग?" प्रश्न रास्त होता. शेजारच्या गावातल्या एका गुरुजींनी मागवलेली रिंग दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याची निघाली, ती आजही कपाटात आहे. म्हणून ठरलं, आधी मोजायचं, मग मागवायचं.

सांध्याचं काम नळाच्या फिटिंगसारखंच. अर्ध्या इंचाच्या पाइपाला पाऊण इंची सॉकेट बसत नाही, मध्ये रिड्यूसर लागतो. दुर्बिणीत डोळ्याचं भिंग बसतं त्या नळीचं तोंड बहुतेक सव्वा इंची असतं, म्हणजे ३१.७ मिलिमीटर, नाहीतर दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. कॅमेऱ्याचं भिंग काढून त्या जागी जी कडी बसते ती टी-रिंग. ती प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याला वेगळी, पण तिच्या दुसऱ्या बाजूचे आटे सगळीकडे सारखे, ४२ मिलिमीटर रुंद आणि आट्या-आट्यात ०.७५ मिलिमीटर अंतर. इथे एक फसवणूक आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांचे आटेही ४२ मिलिमीटरचेच, पण त्यांचं अंतर १ मिलिमीटर. दिसायला दोन्ही सारखे. चढवले की एक-दोन फेरे फिरतात आणि अडकतात. तिथे जोर लावायचा नाही, आटे जातात. दुकानदाराला ४२ एवढंच सांगू नका, ०.७५ पण सांगा.

आता अंतराचं. भिंगाने उन्हात कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. भिंग ठरावीक उंचीवर धरलं तरच ठिपका बारीक होतो. दुर्बिणीतही चित्र एका ठरावीक जागीच पडतं आणि कॅमेऱ्याच्या आतली चकती नेमकी तिथे यावी लागते. कॅननच्या या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात ती चकती तोंडापासून ४४ मिलिमीटर आत असते, रिंग ११ मिलिमीटर जाड, मिळून ५५. निकॉनच्या तशाच कॅमेऱ्यात ४६.५ आणि रिंग ८.५, तरी ५५च. रिंगा मुद्दाम तशा बनवलेल्या असतात.

दुकानात लगेच सांगतात, ५५ जुळवायला हे पातळ छल्लेही घ्या. आमचं मत विचाराल तर थांबा. कडेच्या चांदण्या सरळ करणारं जादा भिंग मध्ये लावणार असाल तरच ते अंतर काटेकोर लागतं. तेव्हा मध्ये काचेची फिल्टर असली तर तिच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतर वाढवावं लागतं, एवढा तो हिशोब बारीक असतो. साध्या दुर्बिणीला त्याची गरज नाही, चाक फिरवून चित्र स्पष्ट करता येतं. फक्त ते चाक पुरलं पाहिजे. आरशाच्या दुर्बिणीत अनेकदा नेमकं तेच पुरत नाही. नळी पूर्ण आत घेतली तरी कॅमेरा चित्राच्या पलीकडेच राहतो. भिंगाच्या लांब दुर्बिणीत बहुधा उलटं होतं, कॅमेरा मागे न्यावा लागतो, तेव्हा जादा नळी लागते.

आपलं काय आहे ते घरीच कळतं. चंद्राकडे दुर्बीण लावा, डोळ्याचं भिंग काढा, नळी पूर्ण आत घ्या आणि तोंडाशी बटर पेपर धरून मागेपुढे करा. चंद्र स्पष्ट उमटला की पट्टीने मोजा, कागद नळीच्या तोंडापासून किती लांब आहे. आमच्या पोरींनी मोजलं, २२ मिलिमीटर. कॅमेऱ्याला हवे ५५. म्हणजे नुसती रिंग मागवली असती तर पैसे पाण्यात.

त्या कागदावरचा चंद्र तुरीच्या दाण्याएवढा होता, ६ मिलिमीटर. कॅमेऱ्याची चकती साधारण २२ बाय १५. म्हणून आम्ही दुप्पट मोठं करणारं बार्लो भिंग घेतलं, ज्याच्या वरच्या टोकाला ४२चे आटे आहेत. त्याने चित्र मागे ढकललं जातं आणि चंद्र १२-१४ मिलिमीटरचा होतो. पंधरात जेमतेम मावतो. बार्लोपासून कॅमेरा जितका लांब, तितकं चित्र मोठं, म्हणून मध्ये आणखी नळी घालू नका, नाहीतर चंद्राच्या कडा कापल्या जातील.

बायकांनी यात कशाला पडायचं, असंही कोणी म्हणालं. २२ जानेवारी १८९८ला खग्रास सूर्यग्रहण आपल्या विदर्भावरून गेलं, तेव्हा अ‍ॅनी मॉन्डर नावाच्या बाई इंग्लंडहून वऱ्हाडात तळणीला आल्या होत्या. मोठी दुर्बीण न घेता लहान भिंगाचा कॅमेरा निवडून त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळातला एक फार लांब किरण टिपला. कामाला बेतलेलं साधन, एवढंच त्यांनी पाहिलं.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी मोबाईलचा क्लॅम्प घ्यावा. तो डोळ्याच्या भिंगावर बसतो, अंतराची कटकट नाही, फक्त मोबाईलचं भिंग मधोमध आणायचं. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीच लावू द्यायची नाही. तोंडावर खास सूर्यफिल्टर नसेल तर डोळा क्षणात जातो, कॅमेराही जातो.

आमचा पहिला फोटो अष्टमीचा. पौर्णिमेला सावल्या नसतात, खड्डे दिसत नाहीत. कॅमेऱ्याच्या वजनाने नळी पुढे झुकत होती, ती कड्यांत मागे सरकवून तोल साधला, कॅमेऱ्याला सुतळीही बांधली. बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. शेळीचं विचारणाऱ्या ताईनेच तो फोटो मोठा करून मागितला आहे, तिच्या नातीसाठी. त्याचे पैसे ती गटात भरणार आहे.