हिरव्या दिव्याआधीं



शाळेच्या वार्षिक खेळांत शर्यत सोडण्याचें काम पुष्कळ वर्षें माझ्याकडे होतें. शिटीपूर्वी ज्याचा पाय हले, त्याला मी मागें बोलावीत असें; दुसऱ्यांदा हलला तर बाहेर बसवीत असें. एका मुलाला असेंच बसविलें. त्याचा पाय खरोखर हलला होता कीं माझा डोळा फसला, हें मला आजतागायत उमगलेलें नाहीं. म्हणूनच मुलानें मला कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें मोटारींची ड्रॅग रेस दाखविली, तेव्हां माझें लक्ष वेगापेक्षां आरंभरेषेवरच खिळलें.

ही दोन मोटारींची सरळ रस्त्यावरील शर्यत. अंतर मूळचें पाव मैल, म्हणजे १३२० फूट. प्रथम मागचीं चाकें ओलीं करून जागच्या जागीं गरगर फिरवितात. रबर तापतें व रस्ता धरतें. धूर मात्र विलक्षण! मग गाडी मुंगीच्या पावलानें पुढें येते. रस्त्यावर सात इंचांच्या अंतरानें प्रकाशाचे दोन अदृश्य किरण आडवे सोडलेले असतात. पुढच्या चाकानें पहिला अडविला कीं खांबावरचा वरचा दिवा लागतो, दुसरा अडविला कीं त्याखालचा. दोघेही असे सिद्ध झाले म्हणजे शर्यत सोडणारा कळ दाबतो. पुढचें सारें यंत्राकडे. हा दिव्यांचा खांब १९६३ सालीं आला. त्यास 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. तत्पूर्वीं निशाण घेतलेला मनुष्य असे, माझ्यासारखाच.

हौशी चालकांसाठीं तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानें लागतात, आणि तितक्याच वेळानें हिरवा. व्यावसायिकांसाठीं तिन्ही एकदम, व ०.४ सेकंदानें हिरवा. हिरव्यापूर्वी चाक किरणांतून सुटलें तर तांबडा. परंतु हिरवा पाहून जो पाय दाबील, त्याला उशीर झालाच म्हणून समजावें. डोळ्यानें पाहावें, पायानें दाबावें, मग चाक हलावें, यांत वेळ जातो. जाणता हौशी चालक तिसऱ्या पिवळ्यावरच सुटतो. धावण्याच्या शर्यतींत असा अंदाज हा अपराध होय. २०११ सालीं दैगू येथें उसेन बोल्टसारखा धावपटू आधीं सुटल्यामुळें शंभर मीटरच्या अंतिम शर्यतींतून बाद झाला. येथें मात्र अंदाज हीच विद्या!

आणखी एक गंमत. गाडीचें घड्याळ तिचें चाक किरणांतून सुटल्यावर चालूं होतें. समजा, एक गाडी १०.०० सेकंदांत अंतर तोडते, पण हिरव्यानंतर ०.१० सेकंदानें सुटते, दुसरी १०.०५ सेकंद घेते, पण ०.०२ सेकंदानें सुटते. बेरीज करून पाहा: १०.१० आणि १०.०७. मंद गाडी जिंकली! म्हणून कांहीं चालक आरंभींच इंचभर अधिक पुढें सरकतात, इतके कीं वरचा दिवा विझतो. चाक लवकर सुटतें, पण तांबड्याचें भय वाढतें.

त्या दिवशीं एकाचा तांबडा लागला. फलकावर आकडा होता: हिरव्यापूर्वी चार सहस्रांश सेकंद. तो वाद न घालतां गाडी वळवून निघून गेला.

माझ्या त्या मुलाला दाखवावयास मजजवळ कोणताही आकडा नव्हता. त्यानेंही वाद घातला नाहीं. शर्यत सुटली, तेव्हां तो मैदानाच्या कडेला बसून आपल्या चपला घालीत होता.