रजा

‘रजा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! मूळ अरबी, अर्थ राजीखुशी, संमती. मराठीत तो परवानगी झाला आणि मग कचेरीतली सुट्टी. ‘आता आपली रजा घेतो’ म्हणत आपण निरोपही घेतो. गंमत म्हणजे जर्मन माणूस सुट्टीला ‘उरलाउब’ म्हणतो, त्याचाही जुना अर्थ परवानगीच. इंग्रजी ‘लीव्ह’चे तेच. आजच्या अरबीत ‘इजाझा’ म्हणजे सुट्टी; आपली ‘इजाजत’ तिचीच बहीण. आमच्या घरांत निकाहानंतर मुलीची ‘रुखसत’ होते, आणि अरबी ‘रुख्सा’ म्हणजे मुभा. तिथे परवानगी कोण कोणाला देतो हे कोणी विचारत नाही. डोळे मात्र सगळ्यांचेच भरतात.

इतक्या भाषांत सुट्टी मागून घ्यावी लागते, याचे मला नवल वाटते, थोडा रागही येतो. शब्दाच्या पोटातच मालक बसलेला आहे. पण मजूर नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला रोजचा एक मालकही नसतो. तिने अर्ज करायचा कोणाकडे? अंगात ताप असला तर तिची रजा होत नाही. तिचा ‘खाडा’ होतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.