शिंदळ माकुडीचा बोध

(ब्रह्मपुरी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



निवडुंगाची आठवण करून देणारी, मांसल खोडाची शिंदळ माकुडी ही वनस्पती निसर्गतः केवळ आपल्या महाराष्ट्रात आढळते. निवडुंग मूळचे अमेरिकेचे. ही मात्र रुईच्या कुळातील. डॅल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. शिवनेरी, वज्रगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ती तग धरून आहे. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, पुढे पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी फुले येतात. उन्हाळ्यात केवळ रसाळ खोड उरते.

चराई, वणवे, कोसळणाऱ्या दरडी आणि शोभेसाठी होणारी उपटाउपट ही तिच्यापुढील संकटे होत. खोडाचा तुकडा लावल्यास ती कुंडीत सहज रुजते. परंतु कुंडीत वाण टिकला, तरी कड्यावरील तिचे घर राखले जात नाही. ते राखणे हेच खरे संरक्षण होय.

ही वनस्पती आपल्या वनात नाही. वणवा मात्र आपल्याही परिचयाचा आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग पसरते, तेव्हा कोणती रोपे जळाली याची नोंद कोठेच राहत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतींना व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही ही साधने दिली आहेत. गावातील जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारून शिक्षकांनी व सदस्यांनी ही नोंदवही जिवंत ठेवावी, आणि मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढण्याचा ठराव ग्रामसभेत करावा, ही विनंती.