कोरियातील डोंगर आणि झरा

ध्वनिक्षेपकातून वाद्यांचे सूर निघावेत, एक-दोन-तीन-चार असा पुकार व्हावा आणि शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या शेकडो मुलांनी एकदम हात वर करावेत, हा देखावा कोरियाच्या जुन्या पिढीस चांगलाच परिचित आहे. जपानात १९२८ साली सुरू झालेली नभोवाणीवरील कवायत पुढे जपानी अमलाखालील कोरियातही आली. आणि तो अंमल संपल्यावर १९७७ साली दक्षिण कोरियाच्या सरकारने स्वतःची ‘राष्ट्रीय कवायत’ शाळा-कचेऱ्यांतून रूढ केली. ती अवघी पाच मिनिटांची. परंतु हुकुमाने आलेला व्यायाम हुकूम सैल होताच ओसरतो. १९९९ साली नवी कवायत निघाली. तिची म्हणावी तशी चलती झाली नाही.

टिकला तो डोंगर! १९५० ते १९५३ च्या युद्धाने आणि सरपणाच्या तोडीने उजाड झालेले डोंगर १९७३ पासून नेटाने पुन्हा हिरवे करण्यात आले. सोल ही राजधानीच डोंगरांच्या कुशीत वसलेली आहे. तिच्या उत्तरेच्या बुखानसान पर्वतास १९८३ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ८३६ मीटर उंच. सुटीच्या सकाळी भुयारी रेल्वेचे डबे पाठपिशव्या नि काठ्या घेतलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी भरून जातात. उतरल्यावर पायथ्याशी तांदळाच्या मद्याचे पेले भरले जातात खरे. पण आरोग्यशास्त्र्यांनी तिकडे कानाडोळा करावा, हेच बरे.

परंतु खरा नित्याचा व्यायाम याहून लहान टेकडीवर चालतो. वस्तीलगतच्या टेकडीत एखादा झरा असतो. त्यास ‘याक्सु’, म्हणजे औषधी पाणी, म्हणतात. वृद्ध माणसे पहाटे रिकामे डबे घेऊन तेथवर चढतात, पळीने घोटभर पाणी पितात, डबे भरतात. झऱ्याभोवती नगरपालिकेने लोखंडी दांड्या नि व्यायामाची साधने बसविलेली असतात. कोठे बॅडमिंटनचेही मैदान असते. मुले दूर गेलेली, नोकरी संपलेली, अशा माणसास दिवसातले पहिले बोलणे पुष्कळदा येथेच लाभते. काल न आलेल्याची चौकशीही येथेच होते.

अलीकडे या पाण्याची नियमाने तपासणी होते, आणि काही झऱ्यांवर ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी लागते. अशा झऱ्याचे पाणी कोणी घरी नेत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाटीशेजारच्या दांडीला लोंबकळणारी मंडळी तीच असतात. हातातला डबा तेवढा नसतो.